आम्ही दोघं शब्द शिकत होतो

दसरा झाला की आमच्या आळीत ट्रॅक्टर यायचा, मागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या. सात-आठ घरांचे संसार त्यात चढायचे. बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, सरपण, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादी शेळी. माझी आई आणि तात्या, म्हणजे माझे वडील, सगळ्यात शेवटी चढायचे. वर बसल्यावर तात्या खाली वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "शाळा बुडवू नको." ट्रॅक्टर सुरू झाला की त्याच्या आवाजात बाकीचं काही ऐकू यायचं नाही.

आमचं गाव पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. पाऊस आला तर बाजरी, नाही तर काहीच नाही. म्हणून गावातली निम्मी माणसं सहा महिने ऊस तोडायला जायची. आई-तात्या प्रवरेकाठी, कोल्हारच्या बाजूला जायचे आणि चटया नि पाचट लावून केलेल्या झोपडीत राहायचे. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. मी गावातच, शाळेच्या हंगामी वसतिगृहात. त्यामुळे मागे राहायची मला लहानपणापासून सवय होती. निघून जायची नव्हती.

ती वेळ तीन वर्षांपूर्वी आली. पुण्यात नर्सिंग झालं होतं, दोन वर्षं नोकरी झाली होती, जर्मन भाषेच्या परीक्षा झाल्या होत्या आणि जर्मनीतल्या उल्म नावाच्या गावच्या एका वृद्धाश्रमाचं पत्र आलं होतं. निघायच्या दिवशी तात्यांनी माझी बॅग एका हातानं उचलली, जराशी तोलली आणि म्हणाले, "तेवीस किलो." विमानतळावरच्या काट्यावर तेवीस किलो शंभर ग्रॅम भरली. मी त्यांना फोन करून सांगितलं. "वरचं शंभर धूळ असंल," ते म्हणाले.

तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना माहीत आहे, नव्या जागी पहिले काही महिने माणूस म्हणजे नुसते कान असतो. मी सगळं ऐकत होते. इथले लोक दुकानात शिरताना आणि निघताना नमस्कार करतात, पण शेजारी बसल्यावर बोलत नाहीत. पावाला पन्नास नावं आहेत. 'डॉख' नावाचा एक लहानसा शब्द आहे, त्यानं मला फार छळलं. समोरचा 'नाही' म्हणाला आणि आपल्याला 'नाही कसं, आहेच' म्हणायचं असलं की तो वापरतात. पुस्तकात त्याचा अर्थ अर्धं पान भरून दिला होता. एकदा फोनवर मी आईला म्हटलं, "तुला बरं वाटत नाही का?" आई म्हणाली, "वाटतंय की." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्ध्या पानाचा अर्थ आई त्या एवढ्याशा 'की'त रोज दहा वेळा बोलत होती.

मला इथे येऊन अकरा महिने झाले होते तेव्हा तात्यांना लकवा मारला. मी पैसे पाठवायला लागल्यावर दोघांनी ऊसतोड सोडली होती. फेब्रुवारीची सकाळ होती, ते विहीर असलेल्या एका शेजाऱ्याच्या कांद्याला पाणी देत होते. आईनं पाहिलं तेव्हा ते बांधावर बसले होते आणि खोरं उजव्या हातातून सुटून पाटात पडलं होतं. गावातल्या जीपनं त्यांना नगरला नेलं. मी सकाळच्या पाळीवर होते. सुट्टीत फोन बघितला तर आईचे नऊ मिस्ड कॉल.

मी लगेच निघाले नाही, हे इथे लिहून ठेवते. तीन महिन्यांवर माझी परीक्षा होती. ती झाल्याशिवाय माझी भारतातली पदवी इथे धरत नाहीत, मी नुसती मदतनीस राहते. आई फोनवर म्हणाली, "येऊन काय करशील? हितं डॉक्टर हायेत. परीक्षा दे तू." ते ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची जी लाज वाटली ती बरेच दिवस गेली नाही.

तात्या वाचले. अठरा दिवसांनी घरी आले. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत, आणि तोंडात फक्त एक शब्द उरलेला. पाचट.

पाणी हवं असलं तरी पाचट, चहा आला तरी पाचट. फोनवर मला बघून त्यांचे डोळे भरले आणि ते म्हणाले, "पाचट. पाचट." आपल्या तोंडून चुकीचं निघतंय हे त्यांना कळत होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं.

"सारा जल्म पाचटात गेला," आई म्हणाली, "दुसरं काय निघंल?"

आमच्या वृद्धाश्रमात आठवड्यातून दोनदा उर्सुला नावाची बाई यायची. लकव्यानंतर ज्यांची वाचा जाते त्यांना ती बोलायला शिकवायची. पन्नाशीची, पांढऱ्या केसांची, सायकलवर येणारी. मी तिला विचारलं, एकच शब्द कसा काय उरतो? ती म्हणाली, असं होतं. तिच्या एका म्हाताऱ्याकडे फक्त 'मंगळवार' उरला होता. का, ते कुणालाच सांगता येत नाही. मग तिनं विचारलं, तुझ्या वडिलांचा शब्द कोणता?

पाचटला जर्मन शब्द मला सापडेना. म्हणून मी तिला सगळं सांगत बसले. ऊस कसा तोडतात, पानांच्या कडा करवतीसारख्या कशा असतात, आईच्या कोपरापासून मनगटापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा कशा आहेत, मोळी म्हणजे काय. पुण्याच्या कॉलेजात मी कुणालाही हे सांगितलं नव्हतं. वडील काय करतात म्हटलं की मी 'शेती' म्हणायचे. इथे एका परक्या बाईला परक्या भाषेत सांगताना मात्र जीभ अडली नाही, अडली ती फक्त व्याकरणाला.

उर्सुलानं मला सराव कसा घ्यायचा ते शिकवलं. रोज पाचच वस्तू. वस्तू त्यांच्या हातात द्यायची, नाव आपण सांगायचं, मग त्यांच्याकडून येईपर्यंत थांबायचं. मनातल्या मनात दहा मोजायचे. शब्द त्यांच्या तोंडातून काढून घ्यायचा नाही.

माझी पाळी दुपारी दोनला संपायची. अडीचला मी फोन लावायचे तेव्हा गावाकडे दिवेलागणीची वेळ असायची. घरात रेंज नाही, म्हणून तात्यांची बाज दारातल्या लिंबाखाली आणलेली. आई फोन धरून उभी. आधी ती बीपीच्या मशीनचा फोटो पाठवायची. तिला अक्षरं येत नाहीत पण आकडे येतात. पुष्कळदा फोटो उलटा यायचा आणि मी मान वाकडी करून वाचायचे. मग गोळ्यांचं पाकीट, मग पायाची सूज, मग शब्द. तांब्या. चमचा. कंगवा. विळा. चप्पल.

तात्या तांब्या हातात धरून त्याच्याकडे असे बघायचे की जणू तो त्यांना ओळखीचं काहीतरी सांगतोय आणि ऐकू येत नाहीये. ओठ हलायचे. आणि नेमकं तेव्हाच फोनमागून आईचा आवाज यायचा, "तांब्या. तांब्या म्हना की."

"आई, तू सांगू नको. दहा मोज."

"त्यांला येत न्हाई तर कशाला छळायचं?"

"येईल. थांबलं तर येईल."

एक दिवस ती चिडली. "तू तितं घड्याळ बघून दहा मोजती. मी हितं त्यांचं तोंड बघती. सोपं हाय का?"

सोपं नव्हतंच. पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी आईला ठाऊक नव्हती. कामावर माझंही तेच होत होतं. मी एखादं वाक्य जुळवत असले की समोरची नर्स मायेनंच ते पुरं करून टाकायची. शब्द ओठांपर्यंत आलेला असायचा आणि तिनं तो आधीच बोलून टाकलेला असायचा. मग माझा आत परत जायचा आणि पुन्हा सापडायला दिवस लागायचा. मी हे आईला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती फोनमागे पुटपुटत मोजायला लागली. मला ऐकू यायचं, "सात, आठ, नऊ."

मग मी एक गंमत सुरू केली. मलाही परीक्षेसाठी शब्द पाठ करायचे होते. तात्यांनी वस्तू उचलायची, मी तिला जर्मनमध्ये काय म्हणतात ते सांगायचं, आणि त्यांनी मराठीत. दोघांनीही शिकायचं. तात्यांना हे आवडलं. मी अडखळले की ते डाव्या हातानं 'थांब, घाई नको' अशी खूण करायचे. मी चुकले हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं.

मे महिन्यात, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी चमचा उचलला. मी म्हटलं, "ल्योफल." चमच्याला जर्मनमध्ये ल्योफल म्हणतात.

तात्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग चमच्याकडे. आईचं मोजणं सुरू झालं. आठावर तात्या स्पष्ट म्हणाले, "लोफर."

तीन महिन्यांत पाचटशिवाय आलेला हा पहिला शब्द. फोन हलायला लागला, कारण आई हसत होती. "लेकीला लोफर म्हंता व्हय? परदेशात हाय ती." तात्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते हसले, एका बाजूनं, पण पोट हलेपर्यंत. "लोफर," ते पुन्हा म्हणाले, आता मुद्दाम. मी उल्मच्या बसस्टॉपवर बसून इतकी हसले की शेजारच्या बाईनं मला रुमाल काढून दिला. तिला वाटलं मी रडतेय. तेही खोटं नव्हतं.

उर्सुला म्हणाली, दार किलकिलं झालंय. आणि खरंच, पुढच्या महिन्याभरात शब्द यायला लागले, कुठलेही, कसेही. पानी. बैल. मनी, म्हणजे मी. एकदा सोमवार. मी परीक्षा पास झाले. वहीत तात्यांचे शब्द तारखेनिशी लिहायचे, जसे माझे लिहायचे. जुलैत तीसच्या वर गेले.

जुलैतच एक नवीन गोष्ट सुरू झाली. सराव संपला की तात्या डावा हात उचलून थेट फोनकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "ती."

"हो तात्या, मी बघतेय," मी म्हणायचे.

"ती. ती." बोट आणखी पुढे यायचं, पडद्यावर नुसतं बोटच दिसायचं.

"मीच आहे. मनी."

मग ते मान फिरवून घ्यायचे. कधी बाजेवर हात आपटायचे. मी वहीत लिहिलं, 'सर्वनाम आलं. चिडचिड वाढली.' उर्सुलाला मी आनंदानं सांगितलं. तीही खूश झाली. आई फोनमागून म्हणायची, "थकल्यात ते. ठिवते मी."

ऑक्टोबरात मला तीन आठवड्यांची सुट्टी मिळाली. मुंबईहून नगर, नगरहून पाथर्डी, तिथून रिक्षा. दारात पोचले तेव्हा सकाळ होती. तात्या बाजेवर उठून बसले होते. मला बघून ते "मनी" म्हणाले आणि माझा हात डाव्या हातात घट्ट धरला. आई आतून आली. डोक्यावरून पदर होता. मी वाकून पाया पडले, तिनं मला जवळ घेतलं, डाव्या हातानं. उजवा हात अंगाला चिकटून तसाच राहिला.

थोड्या वेळानं तात्यांना खुर्चीत बसवायची वेळ झाली. आईनं पदराचं टोक दातात धरलं, डावा हात त्यांच्या काखेत घातला आणि सगळं अंग टाकून त्यांना वर ओढलं. तिच्या घशातून बारीक आवाज निघाला. पदर डोक्यावरून घसरला आणि मी पाहिलं, आईचा अंबाडा नव्हता. केस मानेपर्यंत कापलेले होते, कात्रीनं, वेडेवाकडे.

"हे काय आई?"

"बांधता येत न्हाईत. हात वर जात न्हाई. कापून टाकले."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासनं."

खुर्चीतून तात्यांनी बोट उचललं. माझ्याकडे नव्हतं ते. आईकडे होतं. "ती," ते म्हणाले.

आठ महिने मी रोज फोन करत होते. तात्यांचं बीपी मला पाठ होतं, पायाची सूज बोटानं मोजल्यासारखी माहीत होती. आणि या आठ महिन्यांत मी माझ्या आईला एकदाही पाहिलं नव्हतं. फोन तिनं धरलेला होता. ती कायम त्याच्या मागे उभी होती. तात्यांना ती समोर दिसत होती, आणि त्यांच्याकडे तीस शब्द होते, त्यातला एक त्यांनी रोज तिच्यासाठी खर्च केला होता.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी आईला विचारलं.

"तू इचारलं न्हाई," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. नुसतं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला नगरला नेलं. खांदा पार आखडला होता. डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं. आई हसली. "ओझं बाजंवर बसलंय," ती म्हणाली.

मी रोज कामावर माझ्यापेक्षा दुप्पट वजनाची माणसं पलंगावरून खुर्चीत घेते. त्याची रीत आहे, आम्हाला ती आठवडाभर शिकवली होती. उचलायचं नसतं. माणसाचं वजन त्याच्याच पायावर आणायचं आणि मग नुसतं वळवायचं. हे मला येत होतं आणि मी ते आईला कधी दाखवलं नव्हतं. मी जुन्या लुगड्याचा पट्टा केला, तात्यांच्या कमरेला बांधला आणि दाखवायला लागले. गुडघे असे, पाठ अशी.

आईनं दोनदा बघितलं. "हे तर मोळीचं हाय," ती म्हणाली. "मोळी कुनी उचलतं का? मोळीच्या खाली जायचं आन् उभं राहायचं." आणि तिनं एका हातानं, माझ्यापेक्षा सफाईनं, तात्यांना खुर्चीत फिरवलं. मग मला म्हणाली, "तू कंबर लई वाकवती. म्हातारपनी दुखंल." त्या तीन आठवड्यांत मी तिच्याकडून जे शिकले ते आता इथल्या नव्या मुलींना शिकवते.

शेजारच्या हौसाकाकू, ज्या आईच्याच टोळीत ऊस तोडायच्या, आता सकाळी अंघोळीच्या वेळी येतात. एकट्या आईवर सगळं नाही. मी आई-तात्यांना इकडे आणायचं का, हा प्रश्न सगळे विचारतात. मीही विचारला. आई म्हणाली, "मला तितं कोन बोलंल? ह्यांला हितंच चाळीस शब्द हायेत, तितं एकच. लोफर." तो विषय तिथे संपला. मी परत जावं का, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. माझी मीच अधूनमधून विचारते. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

नोव्हेंबरात मी उल्मला परत आले. निघताना एक स्टँड विकत घेऊन लिंबाच्या बुंध्याला बांधला, फोन त्यात बसतो. आता पडद्यात दोघं असतात. आई आधी लाजून कडेला सरकायची. तात्या तिला हातानं ओढून मधे घ्यायचे.

परवाचीच गोष्ट. सुट्टीच्या दिवशी मी गावाबाहेर फिरायला गेले होते. शेताच्या कडेला रताळ्यासारख्या, पण डोक्याएवढ्या कंदांचा ढीग होता, आमच्या घराएवढा उंच. साखरेचं बीट. इथली साखर उसापासून होत नाही, ह्याच्यापासून होते. मी फोन लावला आणि दोघांना ढीग दाखवला.

"ही साखर आहे तात्या."

तात्या पुढे वाकले. "ऊस... न्हाई?"

"नाही. जमिनीखाली येते. उपटायची."

आई म्हणाली, "मंग पानं लागत न्हाईत हाताला. बरं हाय."

तात्या बराच वेळ ढिगाकडे बघत होते. मग म्हणाले, "मानसं?"

"माणसं नाहीत. एक मोठं मशीन येतं, एकच माणूस चालवतो. दिवसात अख्खं शेत होतं."

मी मनात मोजत होते. आईसुद्धा मोजत होती, तिचे ओठ हलताना आता मला दिसतात. आम्ही दोघी दहाच्या पुढे गेलो तरी बोललो नाही.

"मंग," तात्या म्हणाले, "आदीची... कुटं गेली?"

लकव्यानंतर त्यांनी विचारलेला हा पहिला पुरा प्रश्न, आणि मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वृद्धाश्रमातल्या फ्राउ ब्राउन नावाच्या ब्याण्णव वर्षांच्या आजींना विचारलं. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या. मी त्यांचे केस विंचरत होते. त्या म्हणाल्या, बीट आम्ही हातानंच उपटायचो, थंडीत, बोटं फुटायची. लांबून बाया-माणसं यायची, धान्याच्या कोठारात झोपायची. मग मशीन आलं आणि एका वर्षी ती आलीच नाहीत. कुठे गेली ते आम्ही कधी विचारलं नाही, त्या म्हणाल्या, आणि आरशात माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुला कुणी पाठवलंय हे विचारायला?"

"घरून विचारलंय," मी म्हणाले.

तोंडातून ते सहज निघालं. पूर्वी मला कुणी घर कुठे म्हणून विचारलं की मी गाव, तालुका, जिल्हा सांगायचे, नकाशात बोट ठेवायचे. आता घर म्हणजे लिंबाखाली बसलेली दोन माणसं, ज्यांना जगाबद्दल अजून काहीतरी विचारायचं आहे आणि जी माझ्या उत्तराची वाट बघतायत. फ्राउ ब्राउनना आणखी काय काय आठवतं ते मी कागदावर लिहून घेतलं. दोन वाजत आले होते. मी कोट अंगात घातला आणि फोन लावायला बाहेर आले.